विडीचे पान : कापणी, छाट आणि तुमची मजुरी

विडी वळणाऱ्या भगिनींशी बोलताना तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतात. पान किती वेळ भिजवायचे? शिरा काढायच्या की ठेवायच्या? चेकरने हजारातल्या साठ-सत्तर विड्या बाजूला काढल्या, त्यांचे पैसे मिळतात का? दिलेल्या पानात हजार विड्या होतच नाहीत, मग वरचे पान कोणी आणायचे? या सगळ्या प्रश्नांचे मूळ पानातच आहे. हात कितीही सराईत असला तरी पान खराब असेल किंवा कापणी चुकली असेल तर विडी नीट बसत नाही, आणि तोटा मात्र वळणारीच्या पदरात पडतो. म्हणून या लेखात वळण्याबद्दल कमी आणि पानाबद्दल जास्त लिहिले आहे. तुम्ही सोलापूरला असा, सिन्नरला असा, संगमनेर, कामठी किंवा गोंदियाला असा, यातल्या बहुतेक गोष्टी तुम्हाला लागू पडतील. फर्म्याचे, म्हणजे पान कापायच्या पत्र्याच्या साच्याचे, माप आणि मजुरीचा दर तेवढे ठिकाणाप्रमाणे वेगळे असतील.

पान ताब्यात घेतानाच तपासा

तेंदूचे, म्हणजे टेंभुर्णीचे पान उन्हाळ्यात, मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत जंगलातून खुडले जाते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत हजारो कुटुंबे हे काम करतात. पुडे बांधायचे, उन्हात वाळवायचे, गोण्यांत भरायचे आणि गोदामात ठेवायचे, असा त्याचा प्रवास असतो. तुमच्या हाती येईपर्यंत त्याला कित्येक महिने झालेले असतात. मधल्या काळात ओल लागली असेल तर पानावर बुरशी चढते, आणि फार वाळले असेल तर हात लावताच त्याचा चुरा होतो. ही खराबी तुम्ही केलेली नसते. पण पान न बघता घरी आणले की ती तुमच्या माथी येते. तक्रार करायची ती ब्रँचमध्ये, म्हणजे जिथे पान मिळते आणि विड्या जमा होतात तिथे, तराजूपाशी उभे असतानाच.

तिथे एवढे बघा:

- वजन. काटा शून्यावर आहे ना, हे आधी पाहा. ओलसर पान जड भरते. हाताला गार, दमट लागणारे पान मिळत असेल तर त्यातले पाणीही पानाच्या भावाने तुमच्या खात्यावर चढते आहे.
- पुड्याच्या आतली पाने. पुडा मधून उघडून बघा. वर-खाली चांगली पाने आणि मध्ये फाटकी, बारकी पाने असे पुष्कळदा निघते.
- वास. कुबट वास आला तर आत बुरशी आहे. असे पान भिजवल्यावर आणखी काळे पडते.
- देठाकडचा भाग. तिथे शीर फार जाड असेल तर ते पान जून आहे. त्यातून तुकडे कमी निघतील.

एखादे पान देठाला धरून उजेडासमोर करा. चांगल्या पानाचा रंग सगळीकडे सारखा, तांबूस झाक असलेला हिरवा दिसतो आणि शिरांचे जाळे बारीक असते. काही पानांवर मोहरीएवढे फोड दिसतील. त्या किडीमुळे झालेल्या गाठी असतात आणि बोट फिरवले की खरखरीत लागतात. वळताना पान नेमके तिथेच फुटते. गाठी पानाच्या एकाच बाजूला असतील तर दुसरी बाजू वापरता येते. दोन्हीकडे पसरल्या असतील तर त्या पानातून धड विडी निघणार नाही, हे धरून चाला. असे पुडे त्याच वेळी बदलून मागा. बदलून देत नसतील तर "पान खराब" एवढे दोन शब्द तारखेसह आपल्या वहीत लिहून ठेवा. पुढे छाटीचा, म्हणजे चेकरने नापास करून काढलेल्या विड्यांचा, वाद निघाला तर हे दोन शब्द फार उपयोगी पडतात.

हजार विड्यांना किती पान लागते, हे स्वतः काढा

हजार विड्यांना साधारण ५०० ते ७०० ग्रॅम पान आणि २०० ते ३०० ग्रॅम तंबाखू लागते. ही झाली ढोबळ मर्यादा. विडी लहान की मोठी, पान कोवळे की जून, यावर आकडा हलतो. म्हणून दुसऱ्या कोणाच्या आकड्यावर विसंबू नका. कोरडे पान १०० ग्रॅम मोजून घ्या, नेहमीसारखे भिजवा, कापा आणि वापरण्याजोगे तुकडे मोजा. समजा १५० तुकडे निघाले, तर हजारासाठी साधारण ६७० ग्रॅम पान हवे. ब्रँच ५५० ग्रॅम देत असेल तर तुम्हाला १२० ग्रॅम कमी पडणार, हे वळायला बसण्याआधीच कळते. नव्या गोणीचे पान आले की हा प्रयोग पुन्हा करा. "पान पुरत नाही" असे नुसते म्हटले तर कोणी ऐकत नाही. "या पानाच्या १०० ग्रॅमला १५० तुकडेच निघतात, समोर कापून दाखवते" असे म्हटले की बोलणे पुढे सरकते.

भिजवणे : घाईही नको, विसरणेही नको

कोरडे पान कापले की कडा चिरतात. फार भिजलेले पान कापायला सोपे जाते, पण त्याची विडी वाळल्यावर सैल पडते आणि दमट राहिली तर तिला बुरशी येते. मधला ओलावा साधणे हेच यातले कसब.

संध्याकाळी पुड्याची दोरी सैल करा, पान स्वच्छ पाण्यात बुडवून काढा, निथळू द्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी पान कापायला तयार असते. सोलापूरच्या कडक उन्हाळ्यात गोणपाटावर मध्ये एकदा पाणी शिंपडावे लागते. पावसाळ्यात हवाच दमट असते, त्यामुळे पान बुडवून लगेच काढले तरी पुरते. पावसाळ्यात दोन दिवसांचे पान एकदम भिजवून ठेवू नका. दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास येतो, काळे डाग पडतात, आणि ती सगळी पाने छाटीत जातात.

पान तयार झाले का, हे बघायचे तर ते बोटाभोवती गुंडाळा. कडकन आवाज आला किंवा शिरेवर पांढरट रेघ उठली तर अजून ओल हवी. बोट ओले झाले तर जरा वेळ पसरून ठेवा.

फर्मा कुठे ठेवायचा

कापणीत बहुतेकींचे पान वाया जाते ते फर्मा घाईने ठेवल्यामुळे. पान हातात आले की कात्री चालवण्याआधी क्षणभर त्याच्याकडे बघा: कुठे भोक आहे, कुठे गाठ आहे, मधली शीर कुठवर जाड आहे. मग ठरवा.

१. मोठे पान. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक तुकडा काढा. फर्म्याची लांब बाजू मधल्या शिरेला समांतर ठेवा, पण शिरेला चिकटवून नको. थोडी जागा सोडा, म्हणजे शिरेचा जाड भाग कात्रणात जातो. पहिला तुकडा पानाच्या सगळ्यांत रुंद भागातून घ्या. आधी टोकाकडून सुरुवात केली तर रुंद भागात दुसरा तुकडा बसत नाही.

२. मध्यम पान. इथे मोह होतो तो दोन तुकडे काढण्याचा. दुसऱ्या तुकड्याचा कोपरा जरा जरी पानाबाहेर जात असेल तर तो काढू नका. कोपरा तुटलेल्या तुकड्याची विडी तोंडाशी उघडी राहते आणि चेकरची नजर आधी तिथेच जाते. एकच चांगला तुकडा घ्या.

३. लहान पान. मधली शीर तुकड्यात घ्यावीच लागते. मग ती विडीच्या लांबीच्या दिशेने येईल असा फर्मा ठेवा आणि सुरीच्या पात्याने शीर अलगद खरवडून पातळ करा. जाड शीर आडवी आली तर वळताना पान तिथे मोडतेच. उभी आली तर निभावते.

एका वेळी तीन-चार पाने एकावर एक ठेवून कापायची सवय पुष्कळ जणींना असते. वेळ वाचतो, हे खरे. पण खालचे पान सरकते, त्याची कड तिरकी येते, आणि त्यातल्या गाठी-भोके दिसत नाहीत. पान एकसारखे, चांगले असेल तेव्हा दोन पाने एकत्र कापायला हरकत नाही. त्यापेक्षा जास्त नकोत, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचलेला वेळ छाटीत जातो.

कापलेले तुकडे उघडे ठेवू नका. कडा वर वळल्या की पुन्हा ओले करावे लागतात आणि दुसऱ्यांदा ओल्या केलेल्या पानाचा रंग उतरतो. ओल्या फडक्यात, एकाच दिशेने रचून ठेवा. जितके त्या दिवशी वळून होतील तितकेच कापा.

कात्रीची धारही मजुरीत धरा. बोथट कात्रीने पान कापले जात नाही, चुरडले जाते, आणि अंगठ्याच्या बुडाशी घट्टे पडतात. कात्रीच्या कड्यांना चिंधी गुंडाळा आणि धार लावायला वेळच्या वेळी द्या. फर्म्याचा पत्राही तपासा. वर्षानुवर्षे वापरून त्याचे कोपरे झिजतात, आणि मग माप कमी भरल्याचे खापर तुमच्यावर फुटते. झिजलेला फर्मा बदलून मागा.

घरात काम करताना

पान कापणे निराळे आणि तंबाखू हाताळणे निराळे. शक्य असेल तर जागाही वेगळ्या ठेवा. तंबाखूची धूळ छातीत जाते, आणि निकोटिन ओल्या हातांच्या कातडीतूनही अंगात शिरते. खिडकीपाशी बसा, नाका-तोंडावर पदर घ्या, जेवणाआधी आणि बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवा. तंबाखू स्वयंपाकघरात किंवा झोपायच्या खोलीत उघडी ठेवू नका. दर तासाला उठून पाठ सरळ करा. मुलांना "नुसते पान कापू दे" म्हणून बसवू नका. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यास कायद्याने बंदी आहे, आणि विडीकाम मुलांसाठीच्या धोकादायक कामांच्या यादीत कायदा झाला तेव्हापासून, म्हणजे १९८६ पासून होते.

छाट : किती आणि कशाची

विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. घरी बसून वळणारी बाईही त्यात कामगारच धरली आहे. त्या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांत दोन गोष्टी आहेत, त्या पाठ करून ठेवा:

- मालकाने किंवा ठेकेदाराने साधारणपणे १०० मागे ५ पेक्षा जास्त विड्या छाट म्हणून काढू नयेत. म्हणजे हजारात ५०.
- छाट कामगाराने जाणूनबुजून केलेल्या हयगयीमुळे झाली नसेल, तर त्या विड्यांचीही निम्म्या दराने मजुरी द्यावी लागते.

हा कायदा आणि त्याखालचे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये उचलून धरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६६ चा कायदा त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला. नवी घडी बसेपर्यंत जुने नियम चालू राहतील, असे सरकारने सांगितले आहे. तरी अर्ज लिहिण्याआधी सध्या कोणता नियम लागू आहे हे कामगार कार्यालयात विचारून घ्या, आणि अर्जात तसाच उल्लेख करा.

आता उदाहरण घ्या. तुम्ही हजार विड्या दिल्या आणि चेकरने ८० काढल्या. ५ टक्क्यांच्या वर ३० गेल्या. आधी विचारा की प्रत्येक विडी कशासाठी काढली: तोंड उघडे, दोरा सैल, माप कमी की पान फाटके? पहिल्या दोन गोष्टी हाताच्या आहेत, त्या सुधारता येतात. पान फाटके, डागाळलेले, गाठींचे असेल तर ते ब्रँचनेच दिले होते, आणि तुमच्या वहीत त्या तारखेला "पान खराब" लिहिलेले असेल. छाट तुमच्यासमोर मोजून घ्या आणि तिचा आकडा तुमच्या कामाच्या कार्डावर लिहून घ्या. छाट म्हणून काढलेल्या विड्या बाजूला ठेवून पुढे चांगल्या विड्यांबरोबर विकल्या जात असतील, तर तो तुमच्या श्रमाचा चोरलेला पैसा आहे. हे दिसले तर गप्प बसू नका.

पान कमी पडले तर

तुमच्यापुढे तीन वाटा असतात.

पहिली, विड्या कमी देणे. दिलेल्या पानात जितक्या झाल्या तितक्याच द्या आणि शिल्लक तंबाखू परत करा. कार्डावर तशी नोंद करून घ्या. माझ्या मते हीच सगळ्यांत चांगली वाट आहे.

दुसरी, वरचे पान मागून घेणे. वर सांगितलेला १०० ग्रॅमचा हिशेब दाखवून मागा.

तिसरी, बाजारातून पान विकत आणून हजार पुरे करणे. बहुतेक जणी हेच करतात, कारण पुढच्या वेळी काम मिळणार नाही ही धास्ती असते. पण पानाचे पैसे मजुरीतून गेले की किमान वेतनाचा दर कागदावरच राहतो. विडीकामाला हजार विड्यांमागे किमान वेतन ठरलेले आहे, त्यात विशेष भत्ता मिळवला जातो, आणि कच्चा माल पुरवणे हे मालकाचे काम आहे. विकत आणावेच लागले तर पावती घ्या. पावती मिळत नसेल तर तारीख, वजन आणि रक्कम वहीत लिहा.

"पान तुम्ही विकत घ्या, विड्या आम्ही विकत घेऊ"

कोणी ठेकेदार अशी बोली लावत असेल तर अतिशय सावध राहा. कागदावर तुम्ही पान-तंबाखू खरेदी केली आणि तयार विड्या विकल्या असे दाखवले जाते. दर हजाराला दोन-चार रुपये जास्त मिळाल्यासारखे वाटते. पण त्या कागदामुळे तुम्ही कामगार न राहता किरकोळ व्यापारी ठरता: मग किमान वेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, छाटीचा नियम नाही, ओळखपत्र नाही. वाचता येत नसेल तर अशा कागदावर अंगठा उठवू नका. वाचून घ्यायला शाळेतली मुलगी किंवा शेजारीण पुरते.

कार्ड आणि पीएफ

विडी उद्योगाला भविष्यनिर्वाह निधीची योजना १९७७ मध्ये लागू झाली. घरी वळणाऱ्या कामगारही त्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केले. या उद्योगात कामगाराचे १० टक्के आणि मालकाचे १० टक्के अशी वर्गणी असते. मजुरीतून पैसे कापले जातात म्हणजे ते जमा होतातच असे मात्र धरू नका.

- एका कार्डावर सासू, सून, जाऊ अशा तिघींच्या विड्या चढवू नका. काम तिघी करतात, पण निधी आणि पेन्शन एकीच्याच नावावर जाते. प्रत्येकीचे कार्ड वेगळे करून घ्या.
- आधार, कार्ड आणि पीएफ खात्यावरचे नाव व जन्मतारीख अक्षरशः एकच हवी. माहेरचे नाव एकीकडे आणि सासरचे दुसरीकडे, यामुळे सगळ्यांत जास्त अर्ज अडकतात. हे दुरुस्त करायला मालक आणि कामगार यांचे संयुक्त घोषणापत्र लागू शकते. ब्रँच चालू आहे तोवरच ते करून घ्या, बंद पडल्यावर सही मिळवताना दमछाक होते.
- नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला तर शेवटची वर्गणी आणि शिल्लक यांचा संदेश येतो. तो दर महिन्याला बघा.
- पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते आणि ती वयाच्या ५८ व्या वर्षी सुरू होते. ब्रँच बदलताना पीएफबरोबर पेन्शनचा भागही काढून घेतला तर मागची वर्षे पुसली जातात. जुने खाते नव्याला जोडून घ्या.

विडी कामगाराच्या ओळखपत्रावर केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या दवाखान्यांत उपचार मिळतात आणि मुलांना शिष्यवृत्ती मिळते. शिष्यवृत्तीचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. मुदत दरवर्षी जाहीर होते, शाळेतून आधीच विचारून ठेवा.

तक्रार कशी करायची

आधी ब्रँचच्या व्यवस्थापकाला लेखी द्या आणि प्रतीवर पोच घ्या. ऐकले नाही तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. पान किती दिले, छाट किती काढली, मजुरी किती दिली, या तिन्ही वादांची तक्रार तिथे करता येते. पीएफची तक्रार भविष्यनिर्वाह निधीच्या प्रादेशिक कार्यालयात करा. अर्जात राग नको, आकडे हवेत: तारीख, दिलेले पान, दिलेल्या विड्या, काढलेली छाट, हातात आलेले पैसे. सोबत कार्डाची आणि वहीची झेरॉक्स जोडा, मूळ कागद कोणालाही देऊ नका. एकटीने जाण्यापेक्षा त्याच ब्रँचच्या चार-पाच जणींनी आपापल्या वह्या घेऊन एकत्र जा. सारख्याच तारखांना सगळ्यांच्या वहीत "पान खराब" लिहिलेले असेल, तर दोष हाताचा होता असे म्हणणे कोणालाही जड जाईल.